आर्डिथचे पातळ हातमोजे

माझी थोरली बहीण आर्डिथ हॅडर्ली वायोमिंगच्या डोंगरातल्या आमच्या विलो फोर्क गावात शाळेची बस चालवते. सदतीस वर्षं झाली. गावातल्या निम्म्या लोकांना तिने कधी ना कधी दंगा केला म्हणून बसमधून खाली उतरवलंय. त्यांतल्या बऱ्याच जणांना आता टक्कल पडलंय, पोटं सुटलीत, एक जण तर बँकेचा मॅनेजर आहे, पण तिच्यासमोर आवाज चढवायची कुणाची छाती होत नाही. सोमवार ते शुक्रवार बस, शनिवारी डोंगर आणि रविवारी चर्चमध्ये झोप. झोपताना मान मात्र ताठ ठेवते, म्हणजे बिशपना वाटावं की बाई किती मन लावून ऐकतायत.

शनिवारचा डोंगर म्हणजे स्लेड, बर्फावरून पळणारी इंजिनाची गाडी. बाहेरचे लोक तिला स्नोमोबाईल म्हणतात आणि तिच्यावर आरामात बसून फोटो काढतात. आमच्याकडची माणसं बसत नाहीत. दोन्ही पाय एकाच बाजूला टाकून, सगळं अंग बाहेर झुकवून, कंबरभर भुसभुशीत बर्फातून ते धूड डोंगराच्या कडेकडेने तिरकं नेतात. आर्डिथ बासष्ट वर्षांची आहे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जिना उतरताना तिला कठडा धरावा लागतो. स्लेडवर चढली की ती बाई कुठे जाते मला माहीत नाही. तिच्या जागी दुसरीच कुणीतरी येते आणि झाडांमधून आरडाओरडा करत वर जाते.

मी नेड्रा, तिच्याहून चार वर्षांनी धाकटी. मी स्लेडवर एकदाच बसले, तेव्हा सूचिपर्णीच्या झाडात सापडले. तेव्हापासून जमिनीवर आहे आणि मला ती आवडते. गावातल्या शेतीसामानाच्या दुकानात मी काम करते. खिळे, कुंपणाची तार, वासरांच्या दुधाच्या बाटल्या आणि हातमोजे. हातमोज्यांचं कपाट माझं. सव्वीस वर्षं मी या खोऱ्याला हातमोजे घातलेत, त्यामुळे या विषयात मला कुणी शिकवू नये असं मला वाटतं. आर्डिथ तरीही शिकवते.

डिसेंबर लागला की शहरातून हौशी लोक येतात. स्लेड नवीकोरी, सूट पोपटी, आणि त्यांना हवे असतात चंद्रावर जाणाऱ्या माणसाचे असावेत तसे जाडजूड हातमोजे. मी ते आनंदाने काढून देते, कारण दुकानात सगळ्यांत महाग तेच आहेत. नेमकी त्याच वेळी माझी बहीण बसच्या फेऱ्यांमधल्या मोकळ्या वेळात तिथे येऊन उभी असते.

"हे घेऊ नका," ती परक्या माणसाला सांगते. "यात तुमचा अंगठा आहे की भोपळा, ते तुम्हाला कळणार नाही."

"पण मॅडम, थंडी…"

"थंडी बसलेल्या माणसाला वाजते. तुम्ही बसणार आहात? मग इथेच बसा, नेड्रा खुर्ची देईल. वर गेलात तर घामाने निथळाल. हँडल आतून गरम होतं. जाड मोजा आतून भिजला, की थांबल्या थांबल्या त्याचा बर्फ होतो. आणि ॲक्सिलरेटर अंगठ्याने दाबायचा असतो, साहेब. गव्हाच्या दाण्याएवढा जास्त दाबला गेला की समोरचं झाड तुमचं."

मग ती त्याला पातळ, स्वस्तातली जोडी घ्यायला लावते. वर पाठपिशवीत ठेवायला तशीच दुसरी कोरडी जोडी, आणि निघते. मालक मला विचारतो की महागाचे हातमोजे का खपत नाहीत. मी सांगते, हवा बदलतेय.

तिची स्वतःची जोडी डुकराच्या कातड्याची होती, पिवळी, कुंपणाच्या कामाला वापरतात तसली. आमच्याकडे तिच्यावर एक संस्कार करतात. कातड्याला मधमाशीचं मेण चोळायचं, ओव्हन अगदी मंद ठेवायचा आणि मोजे आत सरकवायचे. मेण कातड्यात मुरतं, पाणी आत शिरत नाही, कातडं मऊ राहतं. नोव्हेंबरात कुणाच्याही स्वयंपाकघरात गेलात तर मेणबत्तीचा आणि डुकराचा मिळून एक वास येतो, आणि आम्हाला त्याने भूक लागते. आर्डिथची जोडी नऊ हिवाळे मेण प्यालेली होती. उजव्या अंगठ्यापाशी काळी पडलेली आणि इतकी पातळ झालेली, की ती घालून ती चर्चच्या प्रार्थनापुस्तकाचं एकेक पान उलटायची. खरं तर चर्चमध्ये ती काढून ठेवायला हवी, पण तिला सांगणार कोण?

या हातमोज्यांवर तिचं काय अडलं होतं ते सांगते. आमच्या काउंटीत बचाव पथक आहे. सगळे बिनपगारी. डोंगरात कुणी हरवलं, हिमकडा कोसळून कुणी गाडलं गेलं, की यांचे फोन वाजतात आणि हे जेवणावरून उठून जातात. आर्डिथ बावीस वर्षं त्या पथकात आहे. बाई म्हणून पहिली आणि अजूनही एकटीच. सुरुवातीला तिला सँडविच करायला बोलावलं होतं. तिने सँडविच केली, खाल्ली आणि स्लेड सुरू केली. आतापर्यंत तिने सहा जणांना जिवंत खाली आणलंय. त्यांतला एक दर नाताळला तिला हॅम पाठवतो.

दर जानेवारीत पथकाची परीक्षा होते. आधी स्लेडने चढ चढायचा, मग बर्फात पुरलेली पिशवी शोधून बाहेर काढायची. पिशवीत बीकन असतो. बीकन म्हणजे प्रत्येकाने छातीवर बांधायचं छोटं यंत्र, एकाचं गाडलं गेलं तर दुसऱ्याचं टीं टीं करत त्याच्याकडे नेतं. त्याची बटणं दाबायची, जागा जवळ आली की लांब सळई खुपसून बघायची, लागलं की फावड्याने खणायचं. सहा मिनिटं. त्यापेक्षा जास्त लागली तर तुमची रवानगी पायथ्याच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या खोलीत, रेडिओवर निरोप द्यायला-घ्यायला. तिथे हीटर असतो, डोनट असतात आणि लमार असतो. लमार चार वर्षांपूर्वी नापास झाला होता. आता तो ट्रेलरच्या दारातून तिरका आत जातो.

यंदा पथकाचा कॅप्टन कोल्टर याने आणखी एक नियम काढला. हातमोजे शेवटपर्यंत हातात पाहिजेत. गेल्या वर्षी एका पठ्ठ्याने बटणं नीट दाबता यावीत म्हणून मोजे काढले होते आणि दोन बोटांची टोकं गमावली होती. नियम चांगलाच होता. आर्डिथ म्हणाली, "मला काय फरक पडतो? माझे मोजे म्हणजे माझी कातडीच."

ती कातडी मी परीक्षेच्या बरोबर सात दिवस आधी जाळली.

म्हातारा रुलॉन विक्सम गेला होता, त्या शनिवारी त्याचा अंत्यविधी होता. आमच्याकडे कुणी गेलं की बायका मयतीचे बटाटे करतात. किसलेले बटाटे, भरपूर चीज, साय आणि वरून लोण्यात परतलेला कॉर्नफ्लेक्सचा चुरा. माणूस गेल्याचं दुःख तीन घास पोटात गेल्यावर निम्मं होतं. माझ्या वाट्याला दोन ट्रे करायचे आले होते. आर्डिथचा ओव्हन बंद पडलाय, त्यात ती स्लेडचे पट्टे ठेवते. म्हणून सकाळी ती माझ्याकडे आली, मेण चोळलेले मोजे तिने माझ्या ओव्हनच्या खालच्या कप्प्यात सरकवले, मंद आच ठेवली आणि माझ्या छपरावरचा बर्फ काढायला वर गेली. मला सांगितलं होतं म्हणते. मी ऐकलं नाही म्हणते. मी केस कुरळे करत होते. मी आले, वरच्या कप्प्यात बटाटे ठेवले, काटा साडेतीनशे फॅरनहाइटवर नेला आणि परत केसांकडे गेले.

वीस मिनिटांनी ती छपरावरूनच ओरडली, "नेड्रा, धुराड्यातून कसला वास येतोय गं?"

"बटाटे आहेत!"

"बटाट्यांना डुकराचा वास कधीपासून यायला लागला?"

मग आम्हा दोघींना एकदमच कळलं. ती शिडीवरून उतरली कशी, ते मला अजून सांगता येत नाही. ओव्हन उघडला तर स्वयंपाकघरभर निळा धूर. मोजे बाहेर काढले. आक्रसून ते एवढेसे झाले होते, तान्ह्या बाळाला घालता येतील इतके, आणि वाजवले तर टकटक वाजत होते. आर्डिथने ते टेबलावर ठेवले आणि खुर्चीत बसली.

"नऊ हिवाळे," ती म्हणाली.

"अगं, मी नवी जोडी देते ना. दुकानात चाळीस जोड्या पडल्यात."

"नव्या जोडीला माझ्या हाताची सवय व्हायला दोन महिने लागतात. परीक्षा शनिवारी आहे." मग ती उठली आणि बटाट्यांकडे बघत म्हणाली, "आणि हे रुलॉनला नेणार आहेस?"

नेण्यावाचून इलाज नव्हता. चर्चच्या बायका ट्रे मोजून घेतात, दोन म्हणजे दोन. मी वरचा चुरा जरा हलवला आणि नेले. रुलॉनच्या बायकोने दोनदा वाढून घेतलं आणि माझा हात धरून म्हणाली, "यंदा यात काय घातलंस गं? धुरकट, काय छान लागतंय!" बिशपनी तीनदा घेतलं. मी म्हटलं, घरगुती आहे. आर्डिथ कोपऱ्यात उभी राहून जेली खात होती आणि माझ्याकडे बघत होती.

सोमवारी दुपारची फेरी संपवून ती दुकानात आली. बाहेर असली मरणाची थंडी होती की नाकातले केस कडक होत होते, आणि ती बसची काच खरवडून तशीच आत शिरली होती.

"माझे मोजे तू मारलेस," ती म्हणाली. "आता तूच दुसरे शोध."

मी कपाट उघडलं. हातमोजा पारखायची माझी स्वतःची एक रीत आहे. मोजा घालायचा आणि काउंटरवरचं दहा सेंटचं नाणं उचलायचं. मग कोटाची चेन वर-खाली करायची. मग बीकनची बटणं दाबायची, एक जुना बीकन मी त्यासाठीच ठेवलाय. तिन्ही जमलं तर मोजा डोंगराच्या कामाचा, नाहीतर तो घालून गाईला चारा टाका.

पहिली जोडी हरणाच्या कातड्याची. नाणं उचललं गेलं नाही. "शिवण आडवी येते," आर्डिथ म्हणाली. दुसरी कापडाची, तळव्याला रबर. "गिळगिळीत आहे." तिसरी खाटकाच्या दुकानात शोभली असती. चौथीला ती म्हणाली, "याचा रंग बघ, हा घालून मला मदतीची गरज पडली तर लाजेने कुणी येणार नाही." पाचवी शेळीच्या कातड्याची, अस्तर नसल्यासारखीच, पाठीवर विणकाम. माझ्याकडची सगळ्यांत पातळ जोडी. ही घालून मी स्वतः दाताची फट साफ करू शकते. नाणं तिच्या बोटांखालून सरकलं, काउंटरवरून खाली पडलं आणि खिळ्यांच्या पिंपाखाली गेलं.

"जाड आहे," ती म्हणाली.

"जाड? यातून पेपर वाचता येईल!"

"मला जाड लागतेय ना. दुसरी दाखव."

तेव्हा मला शंका आली. मी दुसरं नाणं ठेवलं आणि म्हटलं, "मोजा काढ आणि उचल."

"वेडी आहेस का? मी काय नाणी उचलायला आलेय?"

"आर्डिथ, उचल म्हणते ना."

तिने मोजा काढला. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं पांढरीफटक होती, टोकापासून दुसऱ्या पेरापर्यंत. तिथे जणू कुणी रक्ताला येऊ नको म्हणून सांगितलं होतं. मी माझी किल्ली घेतली आणि तिला डोळे मिटायला सांगितले. ती शिव्या देत होती, पण मिटले. मी किल्ली तिच्या अंगठ्यात आणि बोटात धरवली आणि तिची बोटं दाबली.

"काय आहे हातात?"

"ठेव तर आधी," ती म्हणाली.

तिने डोळे उघडले, किल्लीकडे पाहिलं आणि ती काउंटरवर ठेवून दिली.

गेल्या हिवाळ्यापासून हे चाललं होतं. वीस उन्हाळे तिने जंगलात लाकूडतोडीला चेनसॉ चालवलीय, वर या स्लेड, सगळ्या थरथरीने बोटांतल्या रक्तवाहिन्यांची वाट लागली. उबेत अर्ध्या तासाने बोटं परत येतात. बसमध्ये हीटर आहे, काही होत नाही. स्लेडवर हँडल गरम असतं, तिथेही काही होत नाही. खाली उतरून बर्फात हात घातला की बोटं जातात.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"थंडीत जाऊ नका म्हणाले. वायोमिंगमध्ये! मग मे महिन्यापर्यंत काय कपाटात बसू?"

"मग जाड मोजे घाल बाई."

"जाड घातले तर बटणं दाबली जात नाहीत. पातळ घातले तर बोटं जातात. म्हणून मला असा मोजा हवाय, जो पातळ असेल आणि गरमही असेल."

"असला मोजा मी सव्वीस वर्षांत पाहिलेला नाही."

"मग नीट बघ ना! दुकान तुझं आहे की माझं?"

मी म्हटलं, कोल्टरला सांगायला हवं. ती काउंटरवर दोन्ही हात टेकून पुढे झुकली. "सांगितलंस तर येत्या रविवारी मी चर्चमध्ये उभी राहीन आणि रुलॉनच्या बटाट्यांत काय होतं ते सगळ्यांना सांगेन. बिशपना नावानिशी सांगेन."

मी हसले आणि गप्प राहायचं कबूल केलं. ते बटाट्यांच्या भीतीने नव्हे. मोजे मी जाळले होते म्हणून मला अपराधी वाटत होतं, हे एक. दुसरं असं, की मी डोळ्यांसमोर तिला ट्रेलरमध्ये बसवून पाहिलं, समोर लमार आणि मध्ये डोनट, आणि मला ते बघवेना. पण खरं सांगायचं तर मला भीतीही वाटत होती. उद्या खरंच कुणाचा तरी पोरगा बर्फाखाली असेल आणि वर माझ्या बहिणीची ही तीन बोटं असतील. हा विचार यायचा आणि मी तो ढकलून दुसरं काम काढायची. मी धीट बाई नाही.

त्या आठवड्यात मी जेवढं डोकं चालवता येईल तेवढं चालवलं. शेळीच्या कातड्याचे मोजे एक माप मोठे घेतले, कारण घट्ट मोज्यात रक्त आणखी अडतं. आत रेशमाचे पातळ मोजे. मनगटाच्या आतल्या बाजूला गरम होणाऱ्या पुड्या बांधल्या. तिथून रक्त बोटांकडे जातं, तळव्यात ठेवल्या तर मुठीत दगड धरल्यासारखं होतं. रोज संध्याकाळी माझ्या परसात मी धुण्याच्या पिशवीत बीकन घालून पुरायची आणि ती स्वयंपाकघरातून धावत येऊन शोधायची. शेजारीण खिडकीतून विचारायची, "काय हरवलंय गं?" आर्डिथ ओरडायची, "नेड्राची अक्कल!" गुरुवारी पाच मिनिटं पन्नास. शुक्रवारी पाचच्या आत. मला वाटायला लागलं की जमलं.

शनिवारी सकाळी सगळे डोंगराखाली जमलो. परीक्षेच्या उताराला आमच्याकडे बिशपचं पोट म्हणतात. पांढरं, गोल आणि वर जाताना कुठे संपतं ते कळत नाही. पथकातले अकरा जण, त्यांच्या बायका, कुत्री आणि माझ्या हातात गरम चॉकलेटचा थर्मास. पारा शून्याच्या खूप खाली होता. बोललं की शब्दाआधी वाफ पोचत होती.

तरण्याबांड पोरांपैकी तिघे पोटाच्या मध्यावरच रुतले. एकाची स्लेड उलटी होऊन आपली आपणच खाली आली, तिच्यामागून तो. मग आर्डिथ निघाली. ती सरळ वर गेलीच नाही. डाव्या कडेने तिरकी गेली, झाडांच्या रांगेत शिरली, दोन झाडांमध्ये अंग इतकं झुकवलं की तिचं कोपर बर्फाला लागलं. इंजिनचा आवाज एकदाही तुटला नाही. अंगठ्याने केवढं दाबायचं आणि केवढं सोडायचं, ते तिला ठाऊक होतं. माथ्यावर जाऊन तिने स्लेड वळवली आणि खाली बघून हात हलवला. लमार ट्रेलरच्या दारातून टाळ्या वाजवत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि पापण्यांवरच गोठलं. एवढा अभिमान मला दुसऱ्या कशाचा वाटला नव्हता, आणि तिला ते सांगायचं मी ठरवलंही.

ती खाली आली. कोल्टरने घड्याळ सुरू केलं. कोल्टर चौतीस वर्षांचा आहे, बारा वर्षं तिच्या बसमधून शाळेत गेलाय, अजून तिला अहो-जाहो करतो. आर्डिथने बीकन काढला, बटणं दाबली. पहिल्याच फटक्यात लागली. ती वाकून चालत गेली, टीं टीं जवळ जवळ आली. सळई जोडली, खुपसली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा थप् असा आवाज. तिने फावडं घेतलं. मी मनात मोजत होते. ती खणत होती, गुडघ्यांवर बसून हातांनी बर्फ बाजूला लोटत होती, पुन्हा फावडं. मग तिने पिशवी खड्ड्यातून ओढून काढली आणि डोक्यावर धरली.

"चार चाळीस!" ती ओरडली. तिने स्वतःच मोजलं होतं. "बोला, कोण जातंय रेडिओवर?"

कुणी हसलं नाही, टाळ्याही वाजवल्या नाहीत. तिच्या डाव्या हातात मोजा होता. उजवा हात उघडा होता, बर्फाने माखलेला, पांढरा, आणि त्याच हाताने तिने पिशवी धरली होती.

"काय झालं?" ती सगळ्यांकडे बघत म्हणाली. अजून हसतच होती. "चार चाळीस ना?"

"आर्डिथ," कोल्टर हळूच म्हणाला. "तुमचा हात."

तिने आधी डावा हात पाहिला. मग वर बघून उजवा पाहिला. पिशवी खाली ठेवली. मोजा खड्ड्यात, फावड्याच्या दांड्यापाशी पडला होता आणि आतला रेशमी मोजा त्याच्यातच अडकून राहिला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"कधी निघाला?"

ती कोल्टरकडे वळली.

"मी विचारतेय, कधी निघाला?"

"खणायला लागलात तेव्हाच," कोल्टर म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम काढलात."

म्हणजे दोन मिनिटं तरी ती उघड्या हाताने बर्फ उपसत होती. कोल्टरने घड्याळाकडे पाहिलं, मग आभाळाकडे, आणि इतक्या हळू बोलला की कुत्र्यांनीही कान टवकारले. "चार चाळीस म्हणजे पथकात सगळ्यांत कमी वेळ आहे. मोज्याचं… मी त्या वेळी दुसरीकडे बघत होतो. आम्ही सगळेच." बाकीचे पुरुष लगेच दुसरीकडे बघायला लागले. एवढे मोठाले बाप्ये, एक जण झाडांच्या शेंड्यांकडे, एक स्वतःच्या बुटांकडे. मीही बघत होते. मनात म्हणत होते, घे बाई, देतायत तर घे.

आर्डिथने तो मोजा उचलला, झटकला आणि घातला नाही.

"कोल्टर," ती म्हणाली, "पिशवीऐवजी तिथे माणूस असता आणि त्याचं तोंड माझ्या हाताखाली आलं असतं, तर मला कळलं नसतं रे."

"आर्डिथ, ऐका तर…"

"तू ऐक. लमारला सांग, सरकून बस. आणि डोनटमध्ये ते जॅम भरलेले ठेवू नको, मला आवडत नाहीत."

ती ट्रेलरकडे चालायला लागली. पाठ ताठ होती, चर्चमध्ये झोपताना असते तशी. मी थर्मास बर्फात टाकला आणि तिच्यामागे धावले. तिचा उजवा हात धरला, माझ्या कोटाची चेन उघडली आणि तो हात सरळ माझ्या काखेत घातला. इतका गार होता की मी ओरडलेच. दुसऱ्या हाताने मी वरून तो घट्ट दाबून धरला. तशाच आम्ही दोघी तिरक्या तिरक्या चालत होतो, लोकांना काय दिसत असेल कुणास ठाऊक. ती समोर बघत होती. तिच्या गालांवरून पाणी येत होतं, डाव्या हातात तो मोजा होता आणि ते पुसायला तिच्याकडे मोकळा हात नव्हता.

"नेड्रा," ती म्हणाली, "हात धर ना जरा."

"धरलाय गं," मी म्हटलं.

तिने खाली वळून बघितलं.